बुबुळाएवढं ऊन

फोटो उभा आहे. मावशी उजव्या बाजूला, डोक्यापासून छातीपर्यंत. ऊन डावीकडून येतंय, गालाच्या उंचवट्यापर्यंत पोचतंय आणि नाकाच्या पलीकडे सावलीत विरतंय. पांढरी सुती साडी, जांभळा काठ, पदर खांद्यावरून पुढे ओढून घेतलेला. चष्मा काढून ठेवलाय. आणि तिच्या कानाशेजारी, फोटोच्या डाव्या अर्ध्यात, एक काळसर आकार टांगलेला आहे. जवळपास तिच्या चेहऱ्याएवढाच. वरून निमुळता, खाली पसरत गेलेला. त्याला कड म्हणून नाही, तरीही मेणवलीला एकदा जाऊन आलेल्या माणसाला तो आकार ओळखायला क्षण लागत नाही. ती घंटा आहे.

वाईपासून तीनेक किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, वाड्याच्या मागे कृष्णेवर चंद्रकोरीसारखा वळलेला दगडी घाट, घाटावर मेणेश्वराचं देऊळ आणि देवळासमोर एका छोट्या मंडपात टांगलेली ही घंटा. मूळची ती पोर्तुगीज चर्चमधली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळादेवळांत पोचल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांतलीच. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी उठावात कोरलेली आहे. जवळ जाऊन पाहिलं की बोटाला लागते. मावशीच्या फोटोत मात्र मेरी नाही, अक्षरं नाहीत, धातूची चमकही नाही. नुसता घंटेचा भार आहे. तिचं टांगलेलं असणं आहे.

हा फोटो मावशीने स्वतःच स्वतःचा काढलाय, २०१४ च्या जानेवारीत, सकाळी, घाटावर दुसरं कोणी नसताना. कॅमेरा खिशात मावेल असा छोटा. ती निवृत्त झाली तेव्हा मीच तिला दिलेला, कॅननचा पॉवरशॉट एसएक्स २६० एचएस. तिने आयुष्यभर वाईतल्या एका शाळेत भूगोल शिकवला. फोटोग्राफी कुणाकडे शिकली नाही. मी मात्र वर्षानुवर्षं फोटो पाहते आहे, प्रदर्शनांत, स्पर्धांत, पुस्तकांत, आणि पोर्ट्रेट म्हटलं की मला परत परत पाहावेसे वाटणारे जे दहा-बारा फोटो आहेत त्यांत हा आहे. मावशीचा आहे म्हणून नव्हे. म्हणूनच तो नीट, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत वाचून पाहायचा आहे.

सुरुवात उजेडाच्या चकत्यांपासून करते. घंटेच्या वर झाडाच्या पानांतून आभाळ डोकावतं आणि खाली, अगदी कोपऱ्यात, कृष्णेच्या पाण्याची चिंचोळी पट्टी चमकते. या दोन्ही ठिकाणी उजेडाचे कण गोल गोल चकत्या होऊन बसलेत. फोकसबाहेरच्या या धूसरपणाला फोटोग्राफर 'बोके' म्हणतात. शब्द जपानी. १९९७ मध्ये एका अमेरिकी छायाचित्रणविषयक नियतकालिकाने त्यावर लेख छापले आणि तिथून तो जगभर रुळला. पण शब्द बाजूला ठेवून नुसतं बघा. या चकत्या किती मोठ्या आहेत? मी एकदा प्रिंटवर कंपास ठेवून मोजल्या. मावशीच्या डोळ्यातलं बुबुळ जेवढं, जवळजवळ तेवढीच एकेक चकती.

हा योगायोग नाही, यामागे एक फार देखणा नियम आहे आणि तो समजल्यापासून मला हा फोटो दुप्पट आवडतो. माणूस फोकसमध्ये आहे आणि त्याच्या खूप मागे उजेडाचा एक ठिपका आहे असं समजा. तो ठिपका फोटोत चकती होतो. ती चकती माणसाच्या अंतरावर धरून मोजली, म्हणजे त्याच्या गालावर टिकलीसारखी चिकटवून मोजली, तर तिचा व्यास भिंगाच्या छिद्राएवढाच भरतो. ना कमी, ना जास्त. कॅमेरा ज्या भोकातून जग बघतो ते भोकच मागच्या प्रत्येक ठिपक्यावर उमटतं. आता हे भोक केवढं? भिंगाचं नाभीय अंतर भागिले एफ-आकडा. मावशीच्या कॅमेऱ्याचा झूम पूर्ण आत असताना नाभीय अंतर साडेचार मिलिमीटर आणि एफ ३.५, म्हणजे भोक १.३ मिलिमीटर. मोहरीचा दाणा. झूम पूर्ण बाहेर काढला की नाभीय अंतर ९० मिलिमीटर होतं. एफ-आकडा वाढून ६.८ वर जातो, आणि कॅमेऱ्याची माहितीपत्रकं वाचणारे सगळे इथे नाक मुरडतात. पण भागाकार करून बघा. ९० भागिले ६.८, म्हणजे १३ मिलिमीटरच्या थोडं वर. मोहरीचा दाणा एकदम वाटाण्याहून मोठा झाला. घंटा आणि पाणी खूप दूर असले तरी अनंत अंतरावर नाहीत, म्हणून चकती थोडी आटते आणि अकरा-बारा मिलिमीटरवर येते. माणसाचं बुबुळ साधारण बारा मिलिमीटरचं.

मावशीला हा नियम माहीत नव्हता. तिने झूम करून करून, फोटो काढून काढून तो हाताने शोधला. वहीत तिने लिहून ठेवलंय. भूगोलाच्या बाई असल्यामुळे अंतरं मोजणं हा तिचा स्वभाव, आणि वहीत नुसत्या पावलांच्या नोंदी आहेत. ६ पावलं, ९ पावलं, १२ पावलं. प्रत्येकीपुढे शेरा. पहिल्या ओळीपुढे आहे, 'मागचं सगळं स्वच्छ. घाटावर रविवारची गर्दी आणि मी.' बारा पावलांपुढे फक्त एक खूण आहे, विद्यार्थ्यांच्या वह्यांवर करायची तशी.

कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात मागचं धूसर होत नाही अशी तक्रार मी शेकडो वेळा ऐकली आहे. हात लांब करून, कॅमेरा स्वतःकडे वळवून, झूम आत ठेवून फोटो काढला तर तक्रार खरीच आहे. १.३ मिलिमीटरची चकती म्हणजे काहीच नाही. मागची दुकानं, पाट्या, माणसं सगळी चेहऱ्याइतकीच स्वच्छ येतात. शिवाय हातभर अंतरावरून नाक पुढे येतं आणि कान मागे पळतात. या कॅमेऱ्यात धूसरपणा हवा असेल तर एकच वाट आहे. झूम पूर्ण बाहेर काढा, कॅमेऱ्यापासून लांब जा, आणि मागची गोष्ट तुमच्यापासून त्याहून कितीतरी लांब ठेवा. स्वतःचा फोटो काढायचा तर स्वतःच्या कॅमेऱ्याला पाठ करून चालत जायचं. मावशी बारा पावलं गेली. म्हणजे सुमारे आठ मीटर. घंटेचा मंडप तिथून पुढे आणखी चाळीसेक मीटर. पूर्ण झूमवर हा कॅमेरा जगाचा जेमतेम चार अंशांचा तुकडा बघतो आणि आठ मीटरवर त्या तुकड्यात डोकं, खांदे आणि थोडी छाती एवढंच मावतं. तेवढंच तिला हवं होतं.

या अंतराने चेहऱ्याचं काय झालं ते बघा. माझ्या दृष्टीने या फोटोतली खरी कमाई मागच्या धूसरपणाइतकीच ही आहे. आठ मीटरवरून बघताना नाकाचं टोक आणि कान यांच्या अंतरात काही फरकच उरत नाही. दोन्ही आपापल्या खऱ्या मापात दिसतात. हातभरावरून काढलेल्या फोटोत आपण स्वतःला जसे दिसतो तसं माणसाला फक्त त्याच्या कुशीतलं मूल बघतं. आठ मीटर हे वेगळं अंतर आहे. एसटीतून उतरलं की स्टँडच्या दुसऱ्या टोकाला उभं असलेलं आपलं माणूस दिसतं, ते या अंतरावरून. वर्गाच्या शेवटच्या बाकावरून बाई दिसायच्या, त्याही याच अंतरावरून. मावशी लहानपणापासून माझ्या डोळ्यांत जशी आहे, सुट्टीत वाईला पोचल्यावर दारात उभी राहिलेली, ती मावशी मला तिच्या कुठल्याच दुसऱ्या फोटोत सापडली नाही. लग्नातल्या नाही, शाळेच्या ग्रुप फोटोतल्या नाही. इथे ती सापडली, कारण कॅमेरा तितकाच लांब होता.

आता घंटेकडे वळते. कॅमेऱ्यापासून घंटा अठ्ठेचाळीस मीटरवर, मावशी आठवर. म्हणजे घंटा सहापट लांब. ती मीटरभर रुंद धरली तर मावशीच्या शेजारी ती सहावा हिस्सा, सोळा-सतरा सेंटिमीटरची दिसणार. एका चेहऱ्याएवढी. आणि चकती अकरा मिलिमीटरची, म्हणजे घंटेजवळ मोजली तर सहा-सात सेंटिमीटरची. घाटावर सहा-सात सेंटिमीटरहून लहान जे काही आहे ते या फोटोतून पुसलं गेलं. पानं गेली, दगडांमधल्या फटी गेल्या, घंटेवरचं कोरीवकाम गेलं, कुणी चिकटवलेल्या जाहिराती असतील त्या गेल्या. त्याहून मोठं ते राहिलं. मंडपाचा काळोख राहिला, घंटेचा डौल राहिला, पाण्याची पट्टी राहिली. जणू कुणी चाळणीने घाट चाळून घेतला आणि जाळीवर उरलेलं तेवढं फोटोत ठेवलं.

इथे मोठ्या कॅमेऱ्याचा आणि महागड्या पोर्ट्रेट लेन्सचा विचार मनात येतोच. माझ्याकडे ती होती. ८५ मिलिमीटर, एफ १.८. तिचं भोक सत्तेचाळीस मिलिमीटर. तिने मावशीची अशीच चौकट घ्यायची तर सव्वा-दीड मीटरवर उभं राहावं लागतं. तिथून मावशी तेवढीच दिसली असती, पण घंटा तीन सेंटिमीटरची उरली असती. आणि तिच्यावर साडेचार सेंटिमीटरच्या चकत्या पसरल्या असत्या. घंटा धूसर झाली नसती, घंटा नाहीशीच झाली असती. मागे राहिली असती एक गुळगुळीत, मऊ, सोनेरी-हिरवट भिंत, जी वाईची असेल किंवा विरारची, काही फरक पडला नसता. स्पर्धांमधले कितीतरी फोटो मी असे पाहिले आहेत. चेहरा लखलखीत आणि मागे लोणी. परीक्षक खूश होतात. मला ते फोटो हळूहळू परके वाटायला लागले, का ते मला मेणवलीच्या या फोटोने सांगितलं. मागचं पार पुसून टाकलं की माणूस कुठेच उभा राहत नाही.

आपल्याकडच्या काव्यविचारात यासाठी नेमका शब्द आहे. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' लिहिला आणि काव्याचा आत्मा ध्वनी म्हटला. सांगितलेलं ते वाच्य, सुचवलेलं ते व्यंग्य. पण व्यंग्यालाही वाच्याचा आधार लागतो. घंटा मुळातच नसेल तर सुचवणार काय? आणि घंटा पूर्ण स्वच्छ, मेरीसकट, अक्षरांसकट आली तर ती सुचवत नाही, सांगून मोकळी होते. मग फोटो घंटेचा होतो आणि मावशी शेजारी उभी राहिलेली पर्यटक होते. या छोट्या कॅमेऱ्याचं तेरा मिलिमीटरचं भोक या दोन्हींच्या बरोबर मध्ये पडतं. अर्धं सांगून थांबण्याइतकं लहान, आणि सगळं सांगून टाकणार नाही इतकं मोठं. घंटा डोळ्याला लागते आणि मग चेहऱ्याकडे परत पाठवते. मी दर वेळी हा फोटो पाहताना माझी नजर हा फेरा करते. डोळे, घंटा, डोळे. आणि प्रत्येक फेरीत मनात कुठेतरी टोल पडतो, जो फोटोत नाही.

जुन्या स्टुडिओंतल्या रंगवलेल्या पडद्यांची इथे आठवण होते. जिना, कमळांचं तळं, संगमरवरी कठडा, लांबवर एखादं देऊळ. माझ्या आजीचा लग्नानंतरचा फोटो अशाच पडद्यासमोर आहे. ते पडदे रंगवणारे हात फार जाणते होते. जिना जवळचा म्हणून जरा ठळक, देऊळ लांबचं म्हणून पाण्यात भिजवलेल्या रंगाचं. भिंग जे करतं ते ते कुंचल्याने करायचे. पण आजी त्या जिन्यावरून कधी चढली नव्हती. मावशी या घाटावर पन्नास वर्षं उतरली आहे.

चकत्यांबद्दल अजून थोडं. त्या एकसारख्या नाहीत. मधल्या गोल आहेत, कोपऱ्याकडे सरकताना चपट्या होत बदामासारख्या होतात, कारण कडेला तिरका येणारा उजेड भिंगाच्या नळीत थोडा अडतो. आणि फोटो मोठा करून पाहिला तर चकतीच्या आत बारीक वलयं दिसतात, आडव्या चिरलेल्या कांद्यासारखी. छोट्या कॅमेऱ्यांत विशिष्ट वक्रतेची काही भिंगं साच्यात घालून घडवतात आणि साच्यावरच्या सूक्ष्म चाकोऱ्या अशा उजेडात उमटतात. जाणकार याला दोष म्हणतात. मऊ, एकसंध चकती हवी, कांदा नको, असा दंडक आहे. मला तो इथे मान्य नाही. कृष्णेच्या पाण्यावर पडलेल्या उन्हाच्या चकतीत तरंगाची वलयं दिसतात, एवढंच मला दिसतं. पाण्याला ती शोभतात.

आता फोटो कसा निघाला ते सांगते, कारण त्याची खूण चेहऱ्यावर आहे.

कॅमेरा घाटाच्या वळणावर, ती बसणार होती त्याहून चार पायऱ्या वर, तांदळाच्या छोट्या पिशवीवर टेकवलेला. तांदूळ कॅमेऱ्याच्या पोटाला बरोबर धरून ठेवतात, स्टँड लागत नाही. एवढ्या झूमला श्वासानेही चौकट हलते, म्हणून हात लावायचाच नाही, टायमर लावायचा. त्या काळातल्या कॅननच्या छोट्या कॅमेऱ्यांत टायमरचे गमतीदार प्रकारही होते. चौकटीत नवा चेहरा आला की फोटो काढणारा, डोळा मिचकावला की फोटो काढणारा. मावशीने ते सगळे करून पाहिले आणि सोडून दिले. तिने आपला वेळ आपण ठरवायचा टायमर निवडला. वीस सेकंद, आणि त्यानंतर एकापाठोपाठ तीन फोटो.

अडचण एकच, आणि टायमरवर स्वतःचा फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला ती येते. बटण दाबताना कॅमेरा फोकस ठरवून टाकतो, आणि त्या वेळी आपण चौकटीत नसतो. मग तो मागच्या घंटेवर फोकस धरतो, आणि आपण पळत जाऊन बसतो ते धुक्यात. मावशीचे पहिले कितीतरी फोटो असे आहेत. घंटा लख्ख, मेरीची आकृतीसुद्धा दिसते, आणि पुढे मावशीच्या आकाराचा पांढरा ढग. यावर तिने जो उपाय काढला तो मला अजून थक्क करतो. ती बसणार त्या पायरीवर दगडांच्या फटीत तिने आपली छत्री उभी खोचली. काळी, लाकडी मुठीची. तरी कॅमेरा फोकस धरेना. भिंग आत-बाहेर करत राहायचा आणि इशाऱ्याची चौकट दाखवायचा. या कॅमेऱ्यांना फोकस धरायला काळ्या-पांढऱ्याचा ठळक फरक लागतो आणि सपाट काळ्या कापडात तो त्यांना कुठे मिळणार? मग तिने मुठीखाली, बसल्यावर डोळे येतील त्या उंचीवर, चौकडीचा रुमाल बांधला. फोकस लगेच लागला. एवढ्या झूमला आठ मीटरवर फोकस अर्ध्या मीटरच्या पट्ट्यात चालतो, म्हणजे रुमालापासून वीतभर मागेपुढे बसलं तरी डोळे स्वच्छ येणार. तेवढी सूट तिला पुरली.

वीस सेकंदांत बटण दाबायचं, चार पायऱ्या उतरायच्या, बारा पावलं चालायचं, छत्री उपटायची, बसायचं, पदर सारखा करायचा. बासष्ट वर्षांची बाई. धाप लागलेली असणारच, आणि ती दिसते. ओठ पूर्ण मिटलेले नाहीत. नाकपुड्या जराशा फुललेल्या. तीन फोटोंपैकी पहिल्यात तिचा हात अजून पदरावर आहे. तिसऱ्यात ती उठायच्या बेतात आहे. खांदा हललाय. मधल्या फोटोत मात्र धाप आणि स्थिरपणा एकत्र आहेत. शरीर पोचलंय आणि श्वास मागून येतोय. स्टुडिओत फोटोग्राफर 'हसा' म्हणतो, 'हनुवटी खाली' म्हणतो, आणि चेहरा त्याच्या आज्ञेत जातो. इथे समोर कोणीच नव्हतं. आठ मीटरवर लुकलुकणारा एक दिवा होता फक्त. त्या दिव्याकडे तिने जसं बघितलं तसं ती माणसांकडे बघत नसे. माणसांकडे बघताना तिच्या डोळ्यांत कायम 'उत्तर दे' असं काहीतरी असायचं. इथे प्रश्नच नाही.

छायाचित्रणाच्या इतिहासातली एक पळापळ इथे आठवते. १८३९ मध्ये फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियस नावाच्या तिशीतल्या माणसाने वडिलांच्या दिव्यांच्या दुकानामागे कॅमेरा मांडला, झाकण काढलं, आणि पुढे जाऊन स्वतः चौकटीत आला. त्या काळी फोटोला कित्येक मिनिटं हलायचं नसे. आज उपलब्ध असलेल्या सगळ्यात जुन्या आत्मछायाचित्रांत त्याची गणना होते आणि ते अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. तो चौकटीच्या मध्ये नाही, एका बाजूला सरकलाय. केस विस्कटलेले, हात छातीशी. आपण नेमके कुठे दिसणार हे कळायला त्याच्यापाशी काही साधन नव्हतं. त्या सरकण्यात मला मावशीचं सरकणं दिसतं. तिच्या फोटोतही ती उजवीकडे गेलेली आहे. मात्र तिचं सरकणं अंदाजाचं नाही, ते घंटेसाठी जागा सोडण्याचं आहे. आपल्या देशातही स्वतःचे फोटो काढण्याची हौस जुनी आहे. अमृता शेर-गिलचे वडील उमरावसिंग शेर-गिल यांनी अनेक दशकं स्वतःचे फोटो काढले, कधी योग्याच्या पोशाखात, कधी पुस्तकांच्या खोलीत. त्यांच्याही फोटोंत आपण किती लांबून स्वतःला बघतोय याचं भान आहे. या माणसांत मी मावशीला सहज बसवते.

२०१६ नंतर फोनमध्ये 'पोर्ट्रेट मोड' रुळला आणि मागचं धूसर करणं हे बोटाचं काम झालं. मी दोन वर्षांपूर्वी मेणवलीला गेले, त्याच पायरीवर बसले आणि फोनवर माझाच फोटो काढला. फोनचं भिंग इतकं छोटं की खरा धूसरपणा त्यात जवळजवळ नसतोच. तो आधी माणूस कापून घेतो, मग मागचं सगळं हिशेबाने पुसतो. फोटो चांगला आला. माझ्या केसांच्या चार बटा मागच्या दगडांबरोबर पुसल्या गेल्या आणि कानातल्याच्या शेजारी दगडाचा एक तुकडा मात्र लख्ख राहिला, पण ते जाऊ दे. माझं लक्ष घंटेकडे गेलं. फोनने मला आणि बाकीच्या जगाला दोन ढिगांत वाटलं होतं. एक ढीग ठेवायचा, दुसरा पुसायचा. पुसायच्या ढिगात घंटा, पाणी, देऊळ सगळं एकाच हाताने पुसलेलं. मावशीच्या फोटोत तसं नाही. तिथे पायरीचा दगड तिच्या कोपरापाशी स्वच्छ आहे, दोन हात मागे किंचित पुसट, आणखी मागे अधिक, आणि मग मंडपापाशी धूसर. तुम्ही बोट ठेवून दगडावरून मागे मागे जाऊ शकता, जसे घाटावरून चालत जाल तसे. कुठेही कात्री लागलेली नाही. चेहरा आणि घंटा एकाच उन्हात, एकाच हवेत आहेत. मधलं चाळीस मीटरचं अंतर पूर्ण शाबूत आहे.

हवा म्हणताना आठवलं. जानेवारीतल्या सकाळी कृष्णेवरून धुकं उठतं आणि मंडपावर जे राखाडी दिसतं त्यात थोडं ते धुकंही असणार. भिंगाचं धुकं कुठे संपतं आणि नदीचं कुठे सुरू होतं, हे सांगता येत नाही. मी कितीदा प्रयत्न केला. मावशीला विचारलं तर म्हणाली, ''अगं, साडेसातला गेले तर सगळंच धुकं होतं. नऊला गेले तर काहीच नव्हतं. हा सव्वाआठचा आहे.'' तिने तीन सकाळी वेगवेगळ्या वेळी जाऊन हे ठरवलं होतं. दुपारी तापलेल्या दगडांवरून हवा थरथरते आणि एवढ्या झूमला चेहरासुद्धा पाण्यातून बघितल्यासारखा लवतो, हेही तिच्या वहीत आहे. 'दुपार वर्ज्य' असे दोनच शब्द.

मावशी गेली त्यानंतर तिच्या कॅमेऱ्यातलं कार्ड माझ्याकडे आलं. त्यात त्या सकाळचे सगळे फोटो क्रमाने आहेत. या तीन फोटोंच्या लगेच आधीचा फोटो फोकस तपासायला काढलेला आहे. त्यात मावशी नाही. पायरीवर छत्री उभी आहे, मुठीखाली चौकडीचा रुमाल बांधलेला, त्याच्या गाठीचा धागान्‌धागा स्वच्छ. ऊन डावीकडून रुमालावर पडलंय. मागे घंटा अगदी तशीच धूसर, पण छत्री काठीएवढीच बारीक असल्यामुळे सगळी मोकळी दिसते, आणि पलीकडे पाण्यावर, पानांत, त्याच गोल गोल चकत्या, बुबुळाएवढ्या. मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी छापून घेतलेत. पहिल्यात रुमाल ज्या जागी आहे, दुसऱ्यात बरोबर त्या जागी तिचे डोळे आहेत, आणि खाली डाव्या कोपऱ्यात, पदराच्या काठाशी, छत्रीची लाकडी मूठ तिने हातात धरलेली दिसते.